नवं कार्ड टाकलं अन् गेम तसाच अडखळतोय : तुमचे अनुभव सांगा

धागा काढायचं कारण मीच आहे. सोयाबीनचे पैसे हाती आले तेव्हा घरच्यांची नजर चुकवून अमरावतीहून ग्राफिक्स कार्ड आणलं. जीटीए फाइव्ह आधी प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर २५ एफपीएसनं (म्हणजे सेकंदाला २५ चित्रं) रांगायचा. नव्या कार्डावर? २५. तीन दिवस ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकले, काढले, विंडोजसुद्धा नव्यानं टाकली. चौथ्या दिवशी शेजारचा नववीतला पोट्टा टेबलामागं वाकला अन् म्हणाला, "काका, मॉनिटरची वायर तर बोर्डातच हाय." एचडीएमआयची केबल मदरबोर्डात खोचलेली, कार्डाचं भोक रिकामं. तीन दिवस ते कार्ड नुसतं पंखा फिरवत बसलं होतं.

तर राजेहो, काय बदललं, काय बिघडलं अन् कशावरून कळलं, ते लिहा. नुसतं "आणखी भारी कार्ड घे" असं कोणी लिहू नका. दुकानांची नावं नकोत. आणखी एक, पिंग (म्हणजे इंटरनेटचा उशीर) अन् एफपीएस एक समजू नका. टॉवरची रेंज गेल्यावर गेममधला माणूस जागच्या जागी उड्या मारतो, तो आजार वेगळा.

दारव्हा तालुका

आमच्या आजाराचं नाव कापूस.

भाव वाढेल म्हणून आबांनी सगळा माल घरातच भरला. मधल्या खोलीत गंजी पार आढ्याला टेकलेली अन् तिच्या अंगाला माझं टेबल. डिसेंबरात जुना प्रोसेसर काढून राइझन ५ ५६०० टाकला. बोर्ड तोच, आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, सगळं रीतसर. पहिली २० मिनिटं गेम लोण्यासारखा चालायचा, मग एकदम अर्ध्यावर यायचा. बंद करून जेवून आलो की पुन्हा २० मिनिटं छान.

ही वेळेची गंमत ध्यानात आली तेव्हा उष्णतेचा संशय आला. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम लावून बसलो. प्रोसेसर नव्वद अंशांना टेकला की क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, ४.४ गिगाहर्ट्झवरून घसरायचा, म्हणजे चिप स्वतःच जीव वाचवायला हळू होत होती. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये अशी तंतूंची गादी बसलेली, की पिंजाऱ्यालाच बोलवावं! नवा प्रोसेसर टाकताना मी कूलर वरून फडक्यानं पुसला होता, आत पाहिलंच नव्हतं.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं उडवून आणावं म्हटलं, पण त्यानं माझ्या हातावर हवा मारून दाखवली तर पाण्याचे थेंब आले. तसाच परत आलो. रंगाच्या ब्रशनं अन् चिमट्यानं काढलं. पंख्यावर ब्रश फिरवताना तो बोटानं धरून ठेवा, फिरू देऊ नका. प्रोसेसर अन् कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून पापुद्रा झाली होती. ती पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. त्याच गेममध्ये तापमान ७० च्या आसपास आलं.

कापूस फेब्रुवारीत विकला. भाव काही वाढला नाही, पण संगणक थंड झाला.

वरुडकडचा, संत्र्याच्या वावरातून

माह्यं वेगळं हाय. हळू नाही, सरळ बंद. कार्ड टाकलं, गेम चालू केला, जरा मारामारी सुरू झाली की पीसी रीस्टार्ट. दिवसा एखाद्या वेळी, पण रात्रीच्या पाळीत हमखास.

आम्ही वावरातच राहतो. लाइन पंपाची. रात्री आठ तासांची पाळी लागली अन् आजूबाजूच्या मोटरी सुरू झाल्या की घरातला पिवळा बल्ब लाल होते. मीटर लावून पाहिलं तर १६५ व्होल्ट! मंग पीसीच्या पॉवर सप्लायचं स्टिकर वाचलं, त्यावर २००-२४० लिहिलेलं. जुन्या मशीनचं खाणंच कमी, म्हणून तो सप्लाय कसाबसा रेटत होता. कार्डानं ओढायला सुरुवात केली अन् त्यानं हात टेकले.

कार्ड परत करायला निघालो होतो बरं का. त्याऐवजी १०० ते २४० व्होल्ट घेणारा, ५५० वॅटचा सप्लाय घेतला. तेव्हापासून रीस्टार्ट नाही. सप्लाय घेताना लोक वॅट पाहतात, व्होल्टची ओळ कोणी वाचत नाही.

(त्याच फेरीत अर्थिंगचा खड्डा पण नवा केला, मीठ-कोळसा टाकून. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या त्या गेल्या. गेमशी संबंध नाही, तरी सांगून ठेवतो.)

मेहकर

रॅम. ८ जीबी होती, आणखी ८ जीबीची काडी आणली. वेगळं कार्ड नाही, राइझन ५६००जी प्रोसेसरच्या आतल्याच ग्राफिक्सवर खेळतो. एफपीएस वाढण्याऐवजी कमी झाले!

जुनी काडी ३२०० च्या वेगाची, नवी २४०० ची. दोघी मिळून २४०० नं चालणार, जोडीत मंद बैलाचीच चाल. त्यात मी दोन्ही शेजारी-शेजारी खोचल्या, म्हणजे एकाच बाजूला दोन बैल जुंपले. सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये मेमरीच्या पानावर 'सिंगल' (म्हणजे एकच वाट चालू) दिसत होतं. प्रोसेसरकडून मोजलं तर दुसऱ्या अन् चौथ्या खाचेत टाकायच्या असतात, बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असते. काडी बदलून ३२०० ची घेतली, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) चालू केलं, नाहीतर बरेचदा नवी रॅम पण कमी वेगानंच चालते. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरते, म्हणून माझ्यासारख्याला हा फरक फार मोठा.

तुमसर, एका गेमरची बहीण

दादा दिवसभर वावरात ट्रॅक्टर चालवतो अन् रात्री फार्मिंग सिम्युलेटरमध्ये पुन्हा ट्रॅक्टर. आई म्हणते, याला दुसरं काही सुचतच नाही.

त्यानं चौथ्या पिढीच्या आय५ वर नवं कार्ड टाकलं. मोकळ्या रस्त्यावर बरं, पण कामाला माणसं लावली, दोन-तीन यंत्रं एकदम चालू केली की धक्के. तो सेटिंग कमी करत सुटला. मी म्हटलं, थांब, रिझोल्यूशन एकदम ७२० वर आण. आणलं. चित्र भुरकट झालं, एफपीएस होते तेवढेच. कार्डाचं काम एवढं कमी करूनही आकडा हलत नाही म्हणजे अडचण कार्डाची नाही. टास्क मॅनेजरमध्ये कार्ड ४० टक्क्यांवर आरामात, प्रोसेसर १०० ला भिडलेला.

दादाला ते पटायला आठवडा लागला, कारण कार्ड महागाचं होतं ना. आता प्रोसेसर, बोर्ड अन् रॅम असं तिन्ही बदलावं लागेल, धान निघाल्यावर. तोवर त्यानं गेममधली ट्रॅफिक बंद केली, सावल्या अन् लांबपर्यंत दिसण्याची सेटिंग कमी केली. थोडं सुसह्य झालंय.

पुसद

१४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेतला, काहीच फरक दिसेना. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच होता. दोन महिने! संपलं माझं.

ब्रह्मपुरी

आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जाते. खोलीतली हवाच ४० ची, तर पंखा कार्डावर काय थंड फेकणार? हिवाळ्यात टाकलेलं कार्ड एप्रिलपर्यंत मस्त चाललं, मग दुपारी रडायला लागलं.

मी शहाणपणा केला. कॅबिनेटची बाजू उघडून समोर पाण्याचा कूलर लावला. तापमान उतरलं खरं, पण आठवड्यानं स्क्रूला गंज अन् मागच्या जाळीवर ओल. त्या भीतीनंच झोप उडाली. आता उपाय असा: आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट (कार्डानं ओढायच्या विजेची मर्यादा) ७५ टक्के, गेममध्ये ६० एफपीएसची मर्यादा. मॉनिटर ६० चाच आहे, वरचे एफपीएस नुसती उष्णता. थोडे एफपीएस गेले, कळलेही नाहीत. अन् उन्हाळ्यात रात्री नऊनंतरच खेळायचं.

धागाकर्ता

ब्रह्मपुरीवाल्या भाऊ, कूलर दुसऱ्या भिंतीला लावून बाजू बंद ठेवली तर? कॅबिनेटला मागून एक पंखा पण जोडा. अन् दोघांनी निरोपातून विचारलंय म्हणून इथेच सांगतो: कार्डाची कंपनी बदलली असेल तर जुना ड्रायव्हर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामनं काढा. त्याच कंपनीचं असेल तर माझ्या मते साधा नवा ड्रायव्हर पुरतो, उगाच खटाटोप नको. नव्या कार्डावर पहिल्यांदा गेम चालवताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) नव्यानं तयार होतात, तेव्हा पहिल्या तासाभराच्या धक्क्यांवरून निकाल देऊ नका.

आर्वी

मी तर एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) टाकली होती. विंडोज १५ सेकंदांत उघडायला लागली, गेम मात्र पूर्वीपेक्षा मंद. सगळे धागे वाचले, तुमचेच उपाय एकेक करून पाहिले. तापमान ठीक, रॅम ठीक, वायर कार्डात. प्रोसेसरचा क्लॉक मात्र काही केल्या वर जाईना.

शेवटी कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवरच्या पानावर गेलो. 'पॉवर सेव्हर' निवडलेलं, प्रोसेसरची कमाल मर्यादा ५० टक्के. मी केलं नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "विजेचं बिल किती आलं पाह्यलं काय? पोट्टे रातभर खेळतेत. मीच केलं कमी, त्यात लिहिलंच होतं ना, बचत म्हणून."

पुन्हा बॅलन्स्डवर आणलं, पण एक तह झाला. बिल हजाराच्या वर गेलं की महिनाभर बाबांची सेटिंग.