खळ्यातल्या रिसेप्शनची बैठक
प्रत्येक पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी टेबलावर ठेवायची, ही सूचना देवगडला घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, होणाऱ्या लग्नाच्या घरगुती रिसेप्शनला चालेल असं मला वाटत नाही. वाडीतल्या कुठल्या घरातून किती जण येणार ते ऐन वेळीच कळतं, आणि मे महिन्यातल्या खाऱ्या वाऱ्यात चिठ्ठ्या टिकतही नाहीत. त्यापेक्षा टेबलं गटांना वाटा: मामाकडचे, वाडीतले, मुंबईचे चाकरमानी. ५ फुटी गोल टेबलाला ८ जण ऐसपैस बसतात. १० कोंबू नका. १५ टेबलं मांडलीत तर एका वेळी १२०, म्हणजे ३०० माणसं तीन पंगतींत जेवतात. वाढप्यांना फिरायला जागा हवीच.

म्हाताऱ्या माणसांचा विचार मात्र सगळ्यात आधी करा. माझ्या बहिणीच्या वेळी आजीला स्पीकरशेजारी बसवलं, ती अर्ध्या जेवणावरून उठली. अजून मनाला लागतं ते. त्यांना हाताच्या खुर्च्या द्या, मांडवाच्या कडेला, बाथरूमपासून जवळ, मावळतीचं ऊन तोंडावर येणार नाही अशा. आणि ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे, त्यांना पहिल्या पंगतीला बसवा.