देकार्तच्या आधी गेलन होता की
कुणीतरी म्हटलंय की देकार्त (सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ) येईपर्यंत सगळे मन हृदयातच आहे असं धरून चालले होते, हे काय पटलं नाही बुवा. अ‍ॅरिस्टॉटल तसं म्हणायचा खरा, त्याच्या मते मेंदूचं काम रक्त थंड ठेवणं, पण दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने रोममध्ये चारचौघांसमोर किंचाळणाऱ्या जिवंत डुकराच्या मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणारे बारीक मज्जातंतू बांधून दाखवले आणि आवाज एकदम बंद, डुक्कर धडपडतंय मात्र तसंच. आवाज छातीतून येतो म्हणजे विचारही हृदयातूनच, या स्टोइक मंडळींच्या (ग्रीक तत्त्वज्ञांचा एक पंथ) मुद्द्यातली हवाच गेली.

देकार्तने मन हा वेगळाच, जागा न व्यापणारा पदार्थ मानला आणि मेंदूशी त्याची गाठ घातली पिनियल ग्रंथीत (मेंदूच्या मधोमध असलेली एक छोटीशी ग्रंथी), का तर मेंदूतलं बाकी सगळं जोडीने आणि ही एकटीच! मला तरी हे जुगाडच वाटतं. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ मध्ये पत्रातून त्याला सरळ विचारलं की असं मन शरीराला हलवतं तरी कसं, आणि त्यावर त्याने जी काय गोलगोल उत्तरं दिलीयेत ना, ती पत्रं मुळातूनच वाचा.