सील बदलण्याआधी ब्रीदर पाहावा

गिअरबॉक्समधून चाकांकडे फिरती गती नेणाऱ्या ड्राइव्हशाफ्टपाशी तेलाची ओल दिसली की सील (तेल अडवणारे रबरी कडे) बदलावे, असे एक मत आहे. ते चुकीचे नाही; पण दोष नेहमी सीलचाच असतो असे नव्हे. गाडी चालताना गिअरबॉक्समधील हवा व तेल तापून प्रसरण पावते, आणि गिअरबॉक्सवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जाऊ देणारे छोटे तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर वाढलेला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. माझ्या गाडीचे सील दोनदा बदलूनही ओल परत आली, ब्रीदरची टोपी साफ केल्यावर (काम जेमतेम दहा मिनिटांचे!) ती थांबली.

ओल बेल हाउसिंगच्या (इंजिन व गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) तळाशी असेल, तर मात्र आधी तेलाचा वास घ्यावा. गिअर ऑइलला सहसा गंधकासारखा उग्र दर्प असतो, त्यामुळे गळती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून आहे की इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून, हे गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वीच बऱ्याच अंशी कळते.