ओठ-टाळू दुभंगलेल्या बाळाला मर्मर निघाला, ऑपरेशन थांबवलं, टूडी इको सांगितलाय

चिऊची_आई:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी ११ आठवड्यांची आहे, डाव्या बाजूचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले आहेत. जन्मल्यावर लगेच डॉक्टरांनी छाती तपासली होती, हृदय व्यवस्थित आहे म्हणाले, कागदावरही तसंच लिहिलंय. ओठाचं ऑपरेशन या आठवड्यात होतं. त्यासाठी वजन साडेचार किलो हवं होतं, ते कसंबसं आणलं, त्यासाठी रात्रीचा दिवस केलाय आम्ही. आणि परवा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासताना दोनदा तीनदा स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले मर्मर (ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज) ऐकू येतोय, आधी टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून आणा, तोपर्यंत भूल देणार नाही. झालं, तारीख रद्द.

मला तेव्हापासून काही सुचत नाहीये. जन्मताना ठीक होतं तर आता कुठून आलं? ओठ आणि हृदय याचा एकमेकांशी संबंध असतो का? आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, दूध पिताना तिच्या कपाळावर घाम येतो, अर्धा अर्धा तास लागतो, मध्येच दमून झोपते. मी समजत होते टाळूमुळे होतंय. माझ्याकडून काही बघायचं राहून गेलं का? गरोदरपणात माझ्याकडून काही चुकलं असेल का? इको परवा आहे, तोवर कोणी काही सांगू शकलं तर बरं होईल.

दोन_टाके:
ताई आधी एक सांगते, भूलवाल्या डॉक्टरांनी थांबवलं ते चांगलंच केलं. माझ्या मुलाच्या वेळीही असंच झालं होतं, इकोमध्ये फक्त छोटीशी फट निघाली, महिन्याभराने ओठाचं ऑपरेशन नीट पार पडलं. तारीख पुढे गेली की रडू येतं, मला माहितीये. इको म्हणजे सोनोग्राफीच असते, सुई नाही, एक्स-रे नाही, काही दुखत नाही. फक्त बाळ शांत पडून राहायला हवं, म्हणून विचारून घ्या जाताना दूध पाजून न्यायचं का उपाशी.

वॉर्डातली_ताई:
मी बरीच वर्षं लहान मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात नर्स आहे. तुमच्या बाळाला बघितलेलं नाही, त्यामुळे तिला काय आहे ते इकोच सांगेल, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते.

जन्मताना ठीक आणि आता मर्मर, हे अगदी नेहमी होतं आणि यात कोणी तपासायला चुकलंच असं नाही. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं श्वासाचं काम करत नसतात, तिथल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे जन्मल्यावर सुरुवातीचे काही दिवस हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब जास्त असतो. डाव्या आणि उजव्या बाजूचा दाब जवळजवळ सारखा असला तर मधल्या पडद्याला भोक असूनही त्यातून रक्त जोरात जात नाही, मग आवाज कशाचा येणार? पुढच्या काही आठवड्यांत फुफ्फुसांमधला दाब उतरतो, डावीकडून उजवीकडे रक्त जोरात जायला लागतं आणि तेव्हा मर्मर ऐकू येतो. पुष्कळदा भोक जितकं लहान तितका आवाज मोठा असतो, म्हणून "मोठा आवाज आहे" ऐकून घाबरू नका. आणि काहीही दोष नसताना मर्मर येणारी मुलंही खूप असतात.

संबंध असतो का, तर हो, असू शकतो. ओठ गरोदरपणाच्या ४ ते ७ आठवड्यांत जुळतो, टाळू साधारण ६ ते ९ मध्ये, आणि हृदयही त्याच सुमाराला, तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतं. गर्भाच्या पाठीच्या बाजूने काही पेशी निघतात, त्यातल्या काही चेहऱ्याकडे जातात आणि काही हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांकडे. तिथे कुठे गडबड झाली तर दोन्हीकडे परिणाम दिसू शकतो. एरवी १०० बाळांमागे साधारण १ बाळाला जन्मजात हृदयदोष असतो, ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या बाळांमध्ये प्रमाण त्याहून जास्त, त्यातही फक्त टाळू दुभंगलेला असेल किंवा सोबत आणखी काही वेगळेपण असेल तर अजून जास्त. नुसत्या ओठाला भेग असेल तर कमी. माझं मत विचाराल तर टाळूच्या प्रत्येक बाळाचं हृदय जन्मताना एकदा बघून थांबू नये, दीड-दोन महिन्यांनी परत नीट ऐकावं. आणि या सगळ्या घडामोडी होतात तेव्हा कितीतरी बायकांना आपण गरोदर आहोत हे नुकतंच कळलेलं असतं. तुमचं काही चुकलं नाही.

आता घामाचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथेच भलेभले फसतात. टाळू उघडा असलेल्या बाळाला चोखताच येत नाही, हवा गिळली जाते, दूध नाकातून येतं, वेळ लागतो. हृदयाचं बाळही असंच दमतं. म्हणून सगळं टाळूच्या नावावर जमा होतं आणि हृदयाकडे कोणी बघत नाही. फरक ओळखायचा असेल तर बाळ गाढ झोपलेलं असताना पूर्ण १ मिनिट श्वास मोजा, घड्याळ लावून, पोट किती वेळा वर येतं ते. टाळूचा त्रास पिताना होतो, हृदयाचा त्रास झोपेतही दिसतो. झोपेत सतत ६० च्या वर असेल, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, तर इकोची तारीख बघू नका, त्याच दिवशी दाखवा. जीभ किंवा ओठांच्या आतली बाजू निळसर दिसली तर ताबडतोब न्या (हातपाय गार पडून निळसर दिसणं वेगळं, ते लहान बाळांत होतं). दुसरं म्हणजे पोटात किती मिली गेलं ते लिहून ठेवा. दूध पुरेसं जातंय आणि तरी वजन वाढत नाही, तर ते टाळूच्या पलीकडचं काहीतरी असू शकतं. हा कागद हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.

बावीस_नंबर:
माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, आमची गोष्ट उलटी आहे. आधी हृदय कळलं, टाळू नंतर. त्याला फॅलोज टेट्रालॉजी (हृदयात चार दोष एकत्र) होतं, पहिल्या वर्षात ऑपरेशन झालं. टाळू वरून बघितला तर अख्खा होता पण आतले स्नायू जुळलेलेच नव्हते, दूध नाकातून यायचं, ते होतं कधीकधी म्हणून सोडून देण्यात आलं. बोलायला लागला तेव्हा सगळं नाकातून, शेवटी ३ वर्षांचा असताना एका स्पीच थेरपिस्टने टॉर्च मारून बघितलं आणि जनुकीय तपासणी करा म्हणाल्या. २२ नंबरच्या गुणसूत्राचा छोटा तुकडा कमी निघाला, २२ क्यू डिलीशन किंवा डायजॉर्ज म्हणतात त्याला.

ताई तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, यात फाटलेला ओठ सहसा नसतो, टाळूचाच त्रास असतो. पण इकोमध्ये मोठ्या रक्तवाहिन्यांचा दोष निघाला (फॅलोज, महाधमनीची कमान तुटलेली, ट्रंकस म्हणजे दोनऐवजी एकच मोठी रक्तवाहिनी निघणं, असं काही) तर ही तपासणी करायची का हे तोंड उघडून विचारा. आम्हाला ३ वर्षं कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. कारण हे माहीत असलं की कॅल्शियम बघतात, ते कमी होऊन आमच्या मुलाला फिट आली होती. प्रतिकारशक्ती बघूनच जिवंत विषाणूंच्या लसी देतात, रक्त चढवायचं तर आधी किरणांची प्रक्रिया केलेलं देतात. बहुतेक वेळा हा बदल नव्यानेच झालेला असतो, पण आईवडिलांपैकी कोणाला असला तर पुढच्या प्रत्येक बाळाला ५०% शक्यता, म्हणून आमचीही तपासणी झाली. आमच्यात नव्हता.

चिऊची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, तुमचं वाचून पहिल्यांदा जरा झोप लागली. श्वास मोजले काल रात्री, तीन वेळा, ५४, ५६, ५४.

इको आज झाला. खालच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्यात भोक आहे, मध्यम आकाराचं, बाकी रक्तवाहिन्या जागच्या जागी आहेत. तुम्ही लिहायला सांगितलेला कागद दाखवला वॉर्डातल्या ताई, डॉक्टरांनी नीट वाचला, म्हणाले घाम आणि दम यात हृदयाचाही हात आहे, नुसता टाळू नाही. लघवी वाढवणारं औषध दिलंय, त्याने फुफ्फुसावरचा भार कमी होईल, आणि दुधात कॅलरी वाढवायला सांगितलंय. ओठाचं ऑपरेशन दीड महिन्यानंतर, लहान मुलांच्या हृदयाची सवय असलेले भूलतज्ज्ञ असतील तिथे. भोक लहान होत जातंय का ते दर महिन्याला बघणार, नाही झालं तर हृदयाचं ऑपरेशन आधी. जनुकीय तपासणीचं मी स्वतःहून विचारलं, बावीस दादा तुमच्यामुळे. ते म्हणाले तिच्यात तशा खुणा दिसत नाहीत पण समुपदेशनाला पाठवतो.

एकच अडचण, औषध ०.४ मिली आहे आणि ते अर्धं नाकातून परत येतं. किती गेलं कळतच नाही.

वॉर्डातली_ताई:
५४-५६ म्हणजे काठावर आहे, रोज एकदा मोजत राहा आणि वाढतोय वाटलं तर फोन करा त्यांना. औषधासाठी बिनसुईची १ मिलीची सिरिंज घ्या, बाळाला जवळजवळ उभं धरा, आडवं नको, आणि जिकडे भेग नाही त्या गालाच्या आत, हिरडीच्या बाजूने एक एक थेंब सोडा. जिभेच्या मध्यावर टाकलं की थेट नाकात चढतं. दूध पाजायच्या आधी द्या, पोट भरल्यावर नको, आणि दुधाच्या बाटलीत मिसळू नका, बाटली संपली नाही तर किती गेलं ते कळणार नाही. नाकातून आलं किंवा उलटी झाली तर आपल्या मनाने परत देऊ नका, डॉक्टरांना विचारा, डोस जास्त झालेला चालत नाही.

चिऊची_आई:
आत्ता दिलं उजव्या गालातून. एक थेंबही बाहेर नाही आला.