मदत हवी आहे : आंरी वालाँवर मराठीत काही मिळेल का?

नमस्कार मंडळी. मी लातूरला मानसशास्त्रात एम.ए. करतेय. शनिवारी सेमिनार आहे अन् मी हौसेनं विषय घेतलाय फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आंरी वालाँ (1879–1962). आमच्या लायब्ररीत स्विस बालमानसशास्त्रज्ञ पियाजेवर अर्धं कपाट, वालाँवर जेमतेम अर्धं पान!

माणूस मात्र भारी. पहिल्या महायुद्धात डॉक्टर, पुढं मुलांच्या मानसशास्त्राचा अभ्यास, 1937 पासून पॅरिसच्या नामांकित कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये शिकवायला बंदी आली, तर हा भूमिगत चळवळीत. 1944 च्या ऑगस्टात पॅरिस मुक्त होताना काही आठवडे शिक्षणमंत्र्याचं काम याच्याकडं. नंतर फ्रान्समधलं शिक्षण सुधारायची लाँजव्हँ-वालाँ योजना, 1947 ची : 18 वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण. योजना कागदावरच राहिली, ते सोडा.

आई अंगणवाडीत आहे. तिला हे सांगितलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "अठरा? आपल्याकडं चौदाची झाली की पोरगी कोयता घेऊन फडात जाते की गं."

आता अडलंय ते असं. वालाँच्या मते तान्हं बाळ रडून, हातपाय झाडून आधी माणसांशी नातं जोडतं, वस्तूंशी नंतर. त्याच्या 'इमोशन'ला मराठीत 'भावना' लिहू की 'भावावेग'? मला भावना फार मवाळ वाटतं. अन् संभाजीनगर, नांदेड, अंबाजोगाईकडं कुणाकडं मराठी नोट्स, जुना लेख, काहीही असेल तर फोटो पाठवा. शुक्रवारपर्यंत मिळालं तर बरं होईल.