ताळेबंद की टाळेबंद?

अर्धविराम :
दादरला आमची २४ बिऱ्हाडांची सोसायटी. वार्षिक सभेची नोटीस जिन्याखालच्या फळ्यावर लागली आहे. विषय क्र. ३ : 'सन २०२४-२५ चा टाळेबंद वाचून मंजूर करणे.' सेक्रेटरींना म्हटलं, काका, 'ताळेबंद' (बॅलन्स शीट) हवं. तर म्हणाले, "अहो, वर्षाला कुलूप लावतो ना आपण? मग टाळंच की!" इतक्या ठामपणे म्हणाले की आता मलाच शंका यायला लागली. ताळे म्हणजे नक्की काय?

दुसरा प्रश्न शेजारच्या आजींचा. पत्रकात डावीकडे 'देणी' लिहिलंय आणि त्याखाली आपलंच भागभांडवल, आपलाच राखीव निधी. "आपलेच पैसे आपल्यालाच देणं कसे?" मला उत्तर देता आलं नाही.

चाळकरी :
टाळं म्हणजे कुलूप, इथवर तुमचे काका बरोबर. पण टाळेबंदी हा शब्द लालबाग-परळकडच्यांना कोशात बघावा लागत नाही. संप कामगाराचा, टाळेबंदी मालकाची. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गेटाला जी टाळी लागली त्यातली कित्येक निघालीच नाहीत. २०२० साली लॉकडाऊनला वर्तमानपत्रांनी हाच शब्द दिला, तेव्हापासून नव्या पिढीच्याही बोटात तो बसला. त्यात हिंदीत कुलपाला 'ताला'. म्हणजे ट-त चा घोळ दोन्ही बाजूंनी.

ताळेबंदातला ताळा मात्र वेगळा. पडताळा, पडताळणे, ताळमेळ, 'जरा ताळ्यावर ये', हे सगळं त्याचं गोत. शाळेत नवाचा ताळा घ्यायचो, अंकांची बेरीज करून गुणाकार तपासायचा, आठवतंय? २३ गुणिले १४ बरोबर ३२२. २ अधिक ३ पाच, १ अधिक ४ पाच, पाच पंचे पंचवीस, २ अधिक ५ सात. उत्तराचे ३ अधिक २ अधिक २, तेही सात. ताळा जमला! 'बंद' म्हणजे मोडी कागदपत्रांत कागदाचा लांब ताव. कुलूप कुठेच नाही. आणि शब्द इंग्रजांच्या आधीचा आहे, पेशवे दफ्तरात ताळेबंद आहेत.

नोटिशीत आणखी एक चूक आहे, ती कुणी धरणार नाही म्हणून मीच धरतो. 'सन २०२४-२५ चा ताळेबंद' असं म्हणू नये. जमाखर्च वर्षाचा असतो, ताळेबंद एका दिवसाचा. '३१ मार्च २०२५ अखेरचा ताळेबंद' असं हवं. वर्तमानपत्रं 'सरकारच्या वर्षभराचा ताळेबंद' छापतात तेव्हा त्यांना खरं तर जमाखर्च म्हणायचा असतो. अलंकारात चालेल, नोटिशीत नको.

खतावणी :
चाळकऱ्यांशी सहमत. मी फोर्टात तीस वर्षं हिशेब लिहिले, आता घरी बसून तीन सोसायट्यांचे लिहिते. अर्धविराम, आकडे द्या ना, आजींना त्यावरच समजावू.

अर्धविराम :
हजारात गोल करून देतो. डावीकडे : भागभांडवल १२, राखीव निधी ८८, सिंकिंग आणि दुरुस्ती निधी ६५०, सभासदांनी आगाऊ भरलेले २०, लिफ्टच्या कंत्राटदाराचं देणं ३०. उजवीकडे : मुदत ठेवी ६४०, बचत खातं ८५, रोख ३, सभासदांकडून येणं ७२. दोन्हीकडे बेरीज ८००.

खतावणी :
छान, जुळतोय. आता आजींना सांगा, डावी बाजू म्हणजे पैसा आला कुठून आणि उजवी बाजू म्हणजे ३१ मार्चच्या संध्याकाळी तो कशात आहे. एवढंच. १२ हजार कसे झाले? २४ घरं, प्रत्येकी ५० रुपयांचे दहा भाग, म्हणजे घरटी ५०० रुपये. ते आजींनी दिले, पण ज्या क्षणी दिले त्या क्षणी ते सोसायटीचे झाले. सोसायटी ही नोंदणी झालेली वेगळी 'व्यक्ती' आहे. हिशेब तिचा आहे, आजींचा नाही. तिच्या बाजूनं बघितलं तर हे पैसे सभासदांकडून आलेले, म्हणून डावीकडे.

घोटाळा 'देणी' या शब्दानं होतो. देणी म्हटलं की दारात उभा वाणी दिसतो. अकरावीच्या पुस्तकात म्हणून 'देयता' आहे. शब्द कोरडा आहे, पण इथे तोच बरा. तुमच्या यादीत मराठीतलं खरंखुरं देणं एकच, लिफ्टवाल्याचे ३०. आगाऊ आलेले २० म्हणजे पुढच्या वर्षीची सेवा द्यायची बाकी. उरलेले साडेसात लाख सभासदांनी घातलेले किंवा साठवलेले. उजवीकडच्यांना पुस्तकात 'संपत्ती' म्हणतात. आमच्या ऑफिसात कुणी संपत्ती म्हणालं की सगळे हसायचे, कारण त्यात टेबलावरचा मोडका पंखासुद्धा यायचा, घसारा (वापरानं होणारी झीज) वजा जाता.

अर्धविराम :
ताई, मुलगी कॉमर्सला आहे, तिची शंका. खात्यात नावे (डेबिट) डावीकडे, जमा (क्रेडिट) उजवीकडे. बँकेतली शिल्लक, येणी यांची बाकी नावे. मग ताळेबंदात ती उजवीकडे कशी गेली?

खतावणी :
पोरगी हुशार आहे हो. ताळेबंद हे खातं नाही, पत्रक आहे. खतावणीत (खात्यांच्या वहीत) उरलेल्या बाक्या तिथे मांडून दाखवायच्या, नव्यानं नावे-जमा काही करायचं नाही. त्यामुळे बाजू ही निव्वळ वहिवाट आहे. आपल्याकडे इंग्रजी वळणानं देयता डावीकडे, अमेरिकेत आडवा मांडला तर संपत्ती डावीकडे. कंपन्यांनी तर २०११-१२ पासून आडवी मांडणी सोडलीच. त्यांचा उभा असतो, एका भागात भागधारकांचा पैसा आणि देयता, दुसऱ्यात संपत्ती. सोसायट्यांच्या ताळेबंदाचा ठरलेला तक्ता, नमुना 'एन', अजून आडवाच.

गंमत अशी की काळबादेवी-मशीद बंदरच्या पेढीवरच्या जुन्या मुनिमाला तिची शंका आलीच नसती. देशी नाम्यात (हिशेब लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत) जमा डावीकडे आणि नावे उजवीकडेच. त्याला आपला ताळेबंद सुलटा वाटला असता आणि शाळेतली खातीच उलटी!

चाळकरी :
ताई, जुळतोय म्हणजे बरोबर आहे असं धरायचं का?

खतावणी :
अजिबात नाही. तुमचाच नवाचा ताळा घ्या. ३२२ च्या जागी कुणी २३२ लिहिलं तरी बेरीज सातच. ताळा जमला, उत्तर चुकलं. आकडे उलटले की फरक नेहमी नऊच्या पटीत पडतो, म्हणून नवाच्या ताळ्याला तो दिसत नाही. तेरजेत (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी, ट्रायल बॅलन्स) मात्र नेमकी हीच गोष्ट कामाला येते. नोकरीच्या पहिल्या मार्चात माझी तेरीज ५,४०० नं जुळेना. बाकी सगळे लोकल पकडून गेले. साहेब कोट चढवता चढवता म्हणाले, "नऊनं भाग जातो का बघा." गेला, ६०० वेळा. मग रकमा वाचतच नव्हते, फक्त उलटलेले आकडे शोधत होते. रात्री साडेनऊला सापडलं, किर्दीत (रोजच्या नोंदींच्या वहीत) एका बिलाचे ८,२०० आणि खात्यावर उतरवताना २,८००. अक्षर माझंच.

पण ते बिल मी मुळात किर्दीलाच घेतलं नसतं, तर तेरीज दिमाखात जुळली असती आणि मी सहाची गाडी पकडली असती.

अर्धविराम :
काल सभा झाली. नोटिशीवर कुणीतरी पेनानं 'टा' चा 'ता' केला होता. आजींना डावी बाजू पटली. मग त्यांनी चष्मा सावरून उजवीकडे बोट ठेवलं, "सभासदांकडून येणं बहात्तर हजार. हे कोणाकोणाचं?" सेक्रेटरी काका म्हणाले, यादी परिशिष्टात आहे. परिशिष्ट जोडलेलं नव्हतं.