‘मोबाईलवर खोल्या आवरता, आधी घरची कोळिष्टकं काढा’ म्हणणाऱ्या महाशयांस

माजघर_मागचंदार:
काल इथे एकाने लिहिलं, "घरात कोळिष्टकं लोंबतायत आणि बायका मोबाईलवर खोल्या आवरतायत. आमच्या आईने जन्मभर घर सारवलं, तिला नाही लागला गेम." तिथेच उत्तर देणार होते पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

महाशय, मी गुहागरला कौलारू घरात राहते, साफसफाई मला शिकवू नका. जूनमध्ये कपाट पुसलं की जुलैत चामडी चपलेवर पांढरी बुरशी, डब्यांची झाकणं गंजलेली, आणि वाळवीची माती एका रात्रीत वाशापर्यंत चढलेली. पुसा परत. खाऱ्या हवेत केलेलं काम टिकतच नाही, आणि गणपतीला मुंबईहून माणसं उतरली की पहिलं वाक्य काय, तर "न्हाणीत शेवाळ झालंय गो."

रात्री भांडी झाली की मी अर्धा तास अनपॅकिंग खेळते. खोकी उघडायची, वस्तू जागेवर ठेवायच्या. एक मुलगी १९९७ ते २०१८ मध्ये आठ वेळा बिऱ्हाड हलवते, संवाद एक नाही, सगळं वस्तूंवरून कळतं. २०१० ला ती बॉयफ्रेंडच्या फ्लॅटवर जाते तिथे तिच्या डिग्रीच्या फ्रेमला भिंतीवर जागाच नाही. शेवटी पलंगाखाली सरकवली. मी मोबाईल पालथा ठेवून बसले थोडा वेळ. माझं बीकॉमचं सर्टिफिकेट माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहे, आमसुलांच्या बरण्यांमागे.

सड्यावरचा:
महाशय म्हणजे मीच. ताई, राग डिग्रीचा आणि बिल माझ्यावर फाडताय. रोज अर्धा तास खोटी खोकी उपसता त्यात ट्रंक खाली येऊन सर्टिफिकेट भिंतीला लागलं असतं. एक खिळा, एक हातोडी. आणि सारवणाचं बोललो त्यात चूक काय? घराघरात टाइल्स आल्या, माणसं आळशी झाली, गुडघे गेले. सारवलेल्या जमिनीवर उन्हाळ्यात दुपारी पडून बघा, एसी झक मारतो.

माजघर_मागचंदार:
चिऱ्याच्या भिंतीला मातीचा गिलावा आहे, खिळा मारला की ओंजळभर गिलावा खाली येतो. एवढं घर माहीत असतं तर बोलला नसतात.

वाशिष्ठीकाठ:
मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ नंतर ज्यांनी घरातला चिखल काढलाय त्यांनीच मला साफसफाईवर बोलावं. पाणी उतरलं तेव्हा फ्रिज आडवा पडलेला, तांदळाचं पिंप फुगून फुटलेलं, आणि गुडघाभर गाळ, तोही नुसता माती नाही, डिझेल, ड्रेनेज, मेलेलं काय काय. खोऱ्याने ओढायचा, घमेल्याने टाकायचा, वाळला की स्विचबोर्डच्या आतून भुकटी गळायची. चार महिन्यांनी मुलाच्या कपाटाचा ड्रॉवर काढला तर मागे बोटभर थर तसाच.

आता मी पॉवरवॉश सिम्युलेटर खेळते. पाण्याचा फवारा मारायचा, घाण जाते, एकेक भाग साफ झाला की टिंग वाजतं. त्या टिंगसाठी खेळते. आमच्याकडे कधी टिंग वाजलंच नाही. ज्याला हसायचंय त्याने हसावं.

सड्यावरचा:
पुराची गोष्ट वेगळी, त्यावर मी काही बोललेलो नाही.

आंब्याचीआढी:
गेम वगैरे ठीक आहे पण हे फुकटवाले बघा. जाहिरातीत दाखवतात की पिन ओढून माणसाला वाचवायचं, आत गेलं की तीन रंग जुळवत बसा. २०२० मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या असल्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या होत्या. आमच्या पोराने असल्याच एका गेममध्ये माझ्या कार्डावरून सोफा घेतला. खोटा सोफा. घरातल्या खऱ्याच्या स्प्रिंगा बाहेर आल्यात.

ओटीपडवी:
सड्यावरचे साहेब, सारवण कोण करत होतं हो? तुम्ही? आई वाकायची आणि आपण ओटीवर बसून "पाय ठेवू नको, ओलं आहे" ऐकायचो. मी टाइल्स घातल्या आणि आईने पहिल्या दिवशी फरशीवर हात फिरवून बघितला, म्हणाली आता कंबर माझी. तुमच्या एसीवाल्या झोपेची मजुरी दुसरीने दिलीय.

सड्यावरचा:
मी स्वतः सारवलंय. खळं चोपलंय, चोपणं घेऊन. दिवाळीआधी आजोबा टॉर्चचे जुने सेल दगडाने फोडायला लावायचे, आतली काळी पूड शेणात कालवली की जमीन काळीकुळकुळीत व्हायची, वरून रांगोळी काय उठून दिसायची. टाइल्सवर रांगोळी पाय लागला की गेली. आणि दमट दिवसांत फरशीला घाम सुटतो त्याचं काय? माझी काकी घसरून खुबा मोडून बसली.

ओटीपडवी:
सेलमधलं रसायन पोरांच्या हातात देत होते हे अभिमानाने सांगताय. वा. पावसात सारवण वाळत नाही, आठ दिवस वास, पिसवा, आणि रांगतं मूल असलं की खरवडून माती खाणार. माझ्या धाकट्या भावाने खाल्लीय. घसरण्याचं म्हणाल तर मॅट फिनिशची फरशी मिळते बाजारात, नेट आहेच तुमच्याकडे, शोधा.

मालवणी_खटपटे:
शेणाचा बोलतास, गोठे खंय ऱ्हवले? आमच्या वाडीत आता एक म्हस. तिचा शेण नेवक सकाळी लायन लागता.

सड्यावरचा:
ते खरं आहे. आमच्याही गोठ्यात आता बाईक असते.

ओटीपडवी:
आणि साहेब राहतात कुठे?

सड्यावरचा:
डोंबिवली. त्याचा इथे काय संबंध? घर गावाला आहे, वर्षातून दोनदा जातो, जाऊन साफच करतो.

माजघर_मागचंदार:
हां! म्हणजे "न्हाणीत शेवाळ झालंय गो" वाल्यांपैकी आपण. तिसऱ्या मजल्यावर व्हिट्रिफाइड टाइल्सवर बसून सारवणाची आरती. आणि मधले अकरा महिने ते घर उघडून वारा कोण देतं, कौलं कोण परतून घेतं?

सड्यावरचा:
वहिनी बघते. चाव्या तिच्याकडे असतात. बरं, बाई जिंकल्या. कोळिष्टकांचं वाक्य मागे घेतो, "बायका" म्हणायला नको होतं, माझा भाचाही दिवसभर तेच खेळतो. पण खोटी खोली आवरून खरा आनंद होतो हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही.

वाशिष्ठीकाठ:
पटवून कोण घेतंय.

माजघर_मागचंदार:
यंदा गणपतीच्या आधी चार दिवस या आमच्याकडे. पडवी अजून मातीचीच आहे, सारवून दाखवा. सेल फोडून ठेवते.

सड्यावरचा:
आलो असतो. वेटिंग १८६ आहे.

मालवणी_खटपटे:
एसटीच्ये जादा गाडये सुटतत.